बोटीच्या काकूंचा डबा

बोटीच्या काकूंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण बोटींविषयी त्या जितकं बोलत तितकं गोदीतला हमालही बोलत नसेल. "समुद्र म्हणजे काही विशेष नाही," त्या सांगत. "कोपरगावला गोदावरीला पूर येतो ना, तो डोळ्यांसमोर आणायचा आणि पलीकडचा काठ काढून टाकायचा. झाला समुद्र." आमचं नगर म्हणजे श्रावणातसुद्धा विहिरीत वाकून पाणी शोधावं लागणारं गाव. तिथे हे ऐकायला गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्या ओट्यावर जमत. पुढे मी मुंबईला समुद्र बघितला तेव्हा काकूंचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं हे मला मान्य करावं लागलं.

त्यांचे यजमान रेल्वेत पार्सल क्लार्क. लढाई संपल्यावर त्यांची मनमाडहून नगर स्टेशनवर बदली झाली आणि ते आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते, म्हणजे लग्नाची होते. काकूंचा एकुलता एक मुलगा वसंत मुंबई बंदरात कारकून होता. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या सोल्जराकडून त्यानं कॅमेरा विकत घेतला होता आणि तेव्हापासून त्याच्या पत्रांतून फोटो येत. धक्क्याला लागलेल्या बोटी, माल उचलणाऱ्या याऱ्या, बोरीबंदरावर उभी असलेली मेल, धोंडला, म्हणजे आताच्या दौंडला, पाणी भरून घेणारं इंजिन. कातरलेल्या कडांचे, तळहाताएवढे फोटो. काकू ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि डबा काखोटीला मारून घरोघर हिंडत. त्यांना आमच्या गल्लीत 'बोटीच्या काकू' हे नाव पंधरा दिवसांत पडलं.

फोटो बघण्याचे त्यांचे नियम सोवळ्यापेक्षा कडक होते. आधी हात धुवायचे, मग पुसायचे, मग पुसले आहेत हे काकूंना दाखवायचं. फोटो कडेनं धरायचा. बघताना बोलायचं नाही, कारण तोंडातली तपकीर उडते. आमच्या आईला तपकिरीचं व्यसन होतं, तेव्हा हा नियम कुणासाठी होता हे सांगायला नको. शिवाय क्रमही ठरलेला असे. आधी इंजिन, मग अख्खी गाडी, मग यारी, आणि शेवटी मोठी बोट. मधलाच फोटो कुणी उचलला तर काकू तो शांतपणे काढून घेत आणि पुन्हा पहिल्या इंजिनापासून सुरुवात करत. त्यामुळे आमच्या गल्लीत पहिलं इंजिन सगळ्यांचं पाठ झालं होतं.

या सगळ्यामागे काकूंचा एक मतलब होता आणि तो त्या लपवत नसत. वसंत सव्वीस वर्षांचा झाला होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. लहानपणी त्याला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण चेहऱ्यावर खोल वण राहिले. मनमाडला असताना चार मुलींकडच्यांनी तोंड बघून नकार दिला. चौथ्या नकारानंतर तो मुंबईला गेला तो दोन दिवाळ्या घरी फिरकला नाही. रजा मिळत नाही असं लिहायचा. रजा तो मागतच नव्हता, हे काकूंना कळत होतं. तेव्हा त्यांनी ठरवलं की आता क्रम बदलायचा. "आधी माझा मुलगा काय बघतो ते लोकांनी बघावं," त्या म्हणत, "मग तो कसा दिसतो ते." म्हणून मुलाची आई असूनही त्या वरमाईचा ताठा खुंटीला टांगून, डबा घेऊन आपण होऊन मुलींच्या घरी जात. आमची आई म्हणायची, "अशी उलटी गंगा मी जन्मात पाहिली नाही."

सगळे फोटो बघून झाले की मुलीकडचे विचारत, "आणि मुलाचा फोटो?"

"फोटो काढणारा फोटोत कसा येईल?" काकू म्हणत. "वाढणारी कधी पंगतीत बसलेली पाहिलीत?" आणि लगेच, त्याच दमात, त्या वणांचं सांगून टाकत. मुलीकडचे मग चहा संपवून घड्याळ बघू लागत.

काकूंच्या लेखी प्रेक्षक मुलीकडचाच असला पाहिजे असं नव्हतं. भाजी घेऊन येणारी सारजाबाईसुद्धा पाटी उतरवून, हात धुऊन फोटो बघायची. मोठी बोट बघून ती एकदा म्हणाली, "काकू, यवढं लोखंड पान्यावर तरंगतंय व्हय? आमची बादली हिरीत पडली तर वर येत न्हाई."

काकूंना याचं उत्तर ठाऊक नव्हतं, पण अडून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तुझ्या बादलीवर कप्तान असतो का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग बुडणारच."

सारजाबाईला हे पटलं. मग ती हळूच म्हणाली, "तुमच्या ल्योकाला देवी आल्त्या म्हनं. आमच्या धाकल्यालाबी आल्त्या. त्याचं झालं की लगीन. त्याच्याकडं दोन बैलं हायेत."

"माझ्याकडे बैल नाहीत गं," काकू म्हणाल्या. "बोटी आहेत, त्याही दुसऱ्यांच्या." आणि दोघी खूप हसल्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं ते हसून आलं असं आम्ही धरून चाललो.

धोंडच्या फोटोतल्या इंजिनाचा नंबर स्पष्ट वाचता येत असे. एका दुपारी काकू यजमानांना जेवण पोचवायला स्टेशनवर गेल्या, तर मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला तेच इंजिन. काकू तशाच घरी आल्या, हळदीकुंकवाचा करंडा उचलला आणि मला ओढत परत निघाल्या. गाडी अजून उभीच होती. काकूंनी इंजिनाच्या पुढच्या अंगाला, हात पोचेल तिथे, हळदकुंकू वाहिलं. वरून फायरमन ओरडला, "बाई, भाजेल. आज कसला सण आहे?"

"सण नाही," काकू वर बघून म्हणाल्या. "दोन वर्षं मी माझ्या मुलाला बघितलं नाही. या इंजिनानं बघितलंय."  फायरमननं डोक्याचा रुमाल काढून घाम पुसला. काका पार्सलांच्या ढिगाआड उभे होते आणि या बाईंशी आपली ओळख नाही असा चेहरा त्यांनी गाडी सुटेपर्यंत टिकवला. घरी आल्यावर मात्र त्यांनी डब्यातून तो फोटो मागून घेतला आणि बराच वेळ बघत बसले.

सगळ्यात गाजलं ते राहुरीचं स्थळ. मुलीचे मामा फार चौकस. त्यांनी चष्मा वर करून एक फोटो नाकाला लावला आणि जाहीर केलं की फोटोत मुलगा आहे. सगळे सरसावले. इंजिनापुढच्या जमिनीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. वसंत पोटाशी कॅमेरा धरून, दोन्ही कोपरं बाहेर काढून उभा होता, तशीच ती होती. "मुलाला ढेरी आहे," मामा म्हणाले. "आणि हातांतही काही दोष दिसतो."

काकू उठल्या. म्हणाल्या, "चला अंगणात." ऊन कलतं होतं. त्यांनी बिस्किटांचा डबा पोटाशी धरला, कोपरं बाहेर काढली, मान खाली घातली आणि उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अंगणात अगदी तशीच सावली पडली. मग त्यांनी मामांना डबा दिला आणि उभं केलं. मामा मुळात काडीसारखे, पण त्यांच्याही सावलीला ढेरी आली. मुलीची आई पदर तोंडाला लावून आत पळाली. काकूंनी मामांची सावली पावलांनी मोजली, फोटोतली बोटाच्या पेरांनी मोजली आणि वसंत मामांपेक्षा चार बोटं उंच आहे असा निकाल दिला. तो निकाल कसा काढला हे मला आजवर कळलेलं नाही, पण मामांनी तो मान्य केला. स्थळ जवळजवळ जमलंच होतं. मी बरोबर होते. मी डोळ्यांनी काकूंना खुणावत होते की आता काही बोलू नका, उठा. काकू डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "ढेरी नाही, हातही धड आहेत. पण तोंडावर देवीचे वण आहेत, आणि खोल आहेत."

गाडीत मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, "एक दिवस थांबून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"एक दिवस थांबून सांगायचं म्हणजे एक दिवस लपवायचं," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. 

त्यानंतर महिन्याभरानं काकू आमच्याकडे आल्या त्या डबा न घेता. त्यांना डब्याशिवाय बघून आईला वाटलं, कुणी गेलं की काय. काकू अण्णांसमोर बसल्या आणि त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. आमचे अण्णा शाळामास्तर, त्या काळाच्या मानानं मोकळ्या मनाचे. ते म्हणाले, मुलीला विचारून सांगतो. आणि त्यांनी खरंच मला विचारलं.

आता लपवायचं काही कारण नाही. त्या डब्यातला प्रत्येक फोटो मला पाठ होता आणि ते काढणारा माणूस मला आवडू लागला होता. यारीखाली जेवायला बसलेला हमाल असो की इंजिनाच्या दारातला ड्रायव्हर, सगळे त्याच्याकडे बघून ओळखीचं हसत. पण मी डोळे मिटले की फोटोतलं काही समोर येत नसे. नुसते वण दिसत आणि ते दर वेळी आधीपेक्षा खोल होत. मी नाही म्हटलं. मी भित्री होते, दुसरं कारण नव्हतं. अण्णांनी काकूंना पत्रिका जुळत नाही असं सांगितलं. काकूंनी पत्रिका दिलीच नव्हती.

पुढचे आठ दिवस मी काकूंच्या दारावरून जायचं टाळलं. नवव्या दिवशी त्याच आल्या, काखोटीला डबा होता. "नवी बोट आलीय," त्या म्हणाल्या. "दोन धुरांडी आहेत." माझी मान वर होईना. काकू म्हणाल्या, "अगं, लग्नाला नाही म्हणालीस ना? बोटीनं तुझं काय केलंय? ऊठ, हात धुऊन ये." मी हात धुवायला गेले आणि न्हाणीघरात पोटभर रडून आले. बोट छान होती.

वसंतचं लग्न पुढच्या वर्षी मुंबईतच ठरलं, त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मित्राच्या बहिणीशी. ती त्याला कितीतरी दिवस घरी येताजाताना बघत होती. काकूंना याचं फार आश्चर्य वाटलं. "तिनं फोटो एक बघितलेला नाही," त्या गल्लीभर सांगत होत्या. "आधी तोंडच बघितलं, आणि हो म्हणाली." सुनेचा गुण म्हणून त्या हे सांगत, पण त्यांच्या आवाजात थोडी हळहळही असे. इतके दिवस लावलेला क्रम त्या मुलीनं मोडला होता.

लग्नानंतर काका रिटायर झाले आणि दोघं मुलाकडे राहायला निघाली. निघायच्या दिवशी सकाळी मी बांधाबांध करायला गेले. काकूंनी गल्लीतल्या प्रत्येक घराला एकेक फोटो वाटून टाकला होता, सारजाबाईला मोठी बोट दिली होती. डबा रिकामा झाला तेव्हा त्यांनी तळाशी घातलेला कागद उचलला, खालून एक फोटो काढला आणि माझ्या हातात दिला.

बोटीच्या शिडीवर एक तरुण उभा होता. बाह्या दुमडलेल्या, एक हात कठड्यावर. कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण तो मनापासून हसत होता. चेहरा नितळ होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"वसंत. त्याच्या मित्रानं काढलेला. पहिल्याच रिळातला आहे."

मी फोटो खिडकीपाशी नेला, तिरपा करून बघितला. "काकू, वण कुठे आहेत?"

"उठलेच नाहीत," काकू म्हणाल्या. "ऊन फार होतं म्हणे त्या दिवशी. फोटो खोटा निघालाय, म्हणून खाली ठेवला होता. आता सून आलीय, तिनं खरं तोंड बघितलंय. आता कुणी बघितला तरी चालेल."

मी तो किती वेळ बघत उभी होते ते मला आठवत नाही. काकूंनी घाई केली नाही. मग मी तो कडेला धरून त्यांना परत दिला आणि आम्ही वळकटी बांधायला घेतली.

माझंही लग्न तेव्हा ठरलं होतं. पुढे संसार चांगला झाला, माणूस चांगला मिळाला, तक्रार नाही. पण तो फोटो आधी दिसला असता तर मी एका दमात हो म्हणाले असते. काकूंना ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांनी मला तो तेव्हा दाखवला नाही.