हाय का न्हाई?

शिरड शहापूरला एका खताच्या दुकानाची भिंत रंगवत होतो. शिडीवर उभा, 'खत'मधला 'त' अर्धा झालेला. बाळापूरचा एक टेम्पोवाला थांबला आणि खालूनच म्हणाला, "पेंटर, जमनाआक्का गेली." मी ब्रश न थांबवता विचारलं, "कुठं?" कारण आक्का सारखी कुठं ना कुठं जातच असायची, कधी नांदेडला सतरंज्या बघायला, कधी हिंगोलीला खुर्च्यांचा भाव काढायला. टेम्पोवाल्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, तेव्हा कळलं... तो 'त' तसाच टाकून मी खाली उतरलो.

आखाडा बाळापूरच्या हमरस्त्यावर आक्काचं भांडी-मंडपाचं दुकान. तिच्या बंजारा तांड्यावर तिला सगळे 'याडी' म्हणत, म्हणजे आई. आम्ही गावातले आक्का म्हणत असू. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती माझ्याकडं एक पत्रा घेऊन आली. दोन मोठी पातेली एवढंच तिचं भांडवल. मी पत्र्याला निळा रंग मारला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'येथे लग्नाची पातेली भाड्याने मिळतील.' तिला वाचता येत नव्हतं. अक्षरांवरून लांबूनच बोट फिरवत ती म्हणाली, "आता खाली लिव, कढई."

"आक्का, कढई कुठं हाय तुझ्याकडं?"

"न्हाई. पण लोकं विचारत आले म्हंजे आणावीच लागल ना? आधी लिव. आन् जरा मोठं लिव. मला वाचता येत न्हाई, दिसतं तर!"

दोन महिन्यांत कढई आली. पुढच्या पाडव्याला आक्कानं मला परत बोलावलं आणि तिथून ती रीत पडली. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारायची, कडुलिंब-गूळ वाटायचा, आणि मग मी शिडीवर चढून सगळा बोर्ड वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचायचा. एकेक ओळ वाचली की आक्का रस्त्यावर उभी राहून ठणकावून सांगायची, 'हाय!' किंवा 'न्हाई!' जे 'न्हाई' त्याच्यावर तिथल्या तिथं निळा हात मारायचा, आणि मग खाली वर्षाची नवी ओळ. ती वस्तू तेव्हा तिच्याकडं नसायचीच. 'औंदाची ओळ' म्हणायची ती तिला. मोठमोठ्या कंपन्या म्हणे बंद खोलीत बसून मागच्या वर्षाचा हिशेब लावतात आणि पुढचं ठरवतात. आमची आक्का ते भर रस्त्यात करायची, एसटीतले लोक खिडकीतून माना बाहेर काढून ऐकायचे.

काय रंगत यायची त्या सकाळी! खुर्च्या, हाय. कनात, हाय. हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी आक्काला कोण उत्साह, "जिल्हा झाला रे पेंटर, आता सायेब लोकं येऊन राहिले, ते काय सतरंजीवर बसतेत व्हय?" आणि ओळ पडली, 'साहेबांसाठी सोफा'. तो सोफाही आला, लाल मखमलीचा. साहेब फारसे आले नाहीत, पण तालुक्यातले निम्मे नवरदेव त्यावर बसले.

एका वर्षीची ओळ होती 'नवरदेवासाठी घोडा'. तो घोडा एका वरातीतून थेट आपल्या जुन्या मालकाच्या गावाकडं निघाला, वर नवरदेव तसाच. मागं करवल्या, त्यांच्या मागं बँडवाले, पिपाणी वाजवतच. पुढच्या पाडव्याला निम्मं गाव फक्त ही एक ओळ ऐकायला जमलं होतं. मी कसंबसं हसू दाबून वाचलं, "नवरदेवासाठी घोडा."

आक्का गंभीरपणे म्हणाली, "होता."

लोक पोट धरून हसले. ती स्वतःही हसली, पण लगेच डोळे वटारून मला म्हणाली, "हसून काय राहिला? होता म्हंजे न्हाईच. मार निळा!"

हाच तिचा कायदा. तिचा मुलगा विलास एकदा जनरेटरच्या ओळीला म्हणाला, "याडी, होऊन राहिलं की." आक्कानं त्याला सगळ्यांसमोर झापलं. "होऊन राहिलं म्हंजे न्हाई! बराबर सांग." जनरेटर पुढच्याच आठवड्यात येणार होता, तरी ओळ गेली. पुढं गावोगाव फ्लेक्स आले, माझं काम निम्म्यावर आलं. विलास म्हणाला, आपणही फ्लेक्स करू. आक्कानं एवढंच विचारलं, "त्याच्यावर निळा हात मारता येतो का?" तेव्हा मला किती बरं वाटलं ते आज पहिल्यांदाच लिहितोय.

गेल्या पाडव्याची ओळ सगळ्यांत मोठी होती. 'मंगल कार्यालय'. दुकानामागची जागा तिनं घेतली होती. पाया खणला, जोतं वर आलं, आणि माघात आक्का गेली. विलास खचला. जागा विकून टाकू, आता कुणासाठी करायचं, असं म्हणू लागला.

यंदाच्या पाडव्याला मी जाणार नव्हतो. पण विलासची बायको सुनीता हिचा निरोप आला, "मामा, शिडी घेऊन या." लोक नेहमीसारखेच जमले होते. मी वाचत गेलो आणि ती आक्काच्या जागी उभी राहून उत्तर देत गेली. पातेली, हाय. कढई, हाय. सोफा, हाय. आवाज आधी बारीक होता, मग चढत गेला. मग शेवटची ओळ आली. कसंबसं वाचलं, "मंगल कार्यालय."

विलास मान खाली घालून म्हणाला, "होऊन राहिलं म्हणा, मामा."

सुनीता म्हणाली, "न्हाई."

तिनं मला शिडीवरून खाली बोलावलं. माझ्या हातातला ब्रश घेऊन ती शिडीवर चढली आणि त्या अक्षरांवर तिनं स्वतः निळा हात मारला, एकदा नव्हे, दोनदा. विलासचे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं... आक्काचं दुकान आता फक्त भांड्यांचं राहिलं.

सुनीता खाली उतरली, पदराला हात पुसले आणि विचारलं, "मामा, हा रंग वाळायला किती वेळ लागल?"

"उद्यापर्यंत वाळल."

"मग उद्या या. हितंच, याच जागी, मंगल कार्यालय लिवा. औंदाची ओळ हाय ती." आणि विलासकडं बघत म्हणाली, "जरा मोठं लिवा, मामा. याडीला दिसू दे."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा विलास शिडी धरून उभा होता.