रिकाम्या पाकिटांची पिशवी

अगं पोरी, जरा जवळ सरक आणि ऐक, मी रागावले आहे. सात-आठ महिने दर दहा दिवसांनी माझ्या ओट्यावर बसून चहा प्यालीस, माझ्या भाकरीला नावं ठेवलीस, आणि तुमचा अभ्यास संपला तशी गावाची वाटच विसरलीस. फोनवर 'मावशी, बऱ्या आहात ना' विचारलं की झालं का? नाही झालं. म्हणून लिहायला बसले आहे. शाळेत मी गेले नाही, मुलांच्या मागं बसून त्यांच्या पुस्तकांतली अक्षरं उचलली. वेलांट्या चुकल्या तर हसू नकोस.

तुला सगळं ठाऊक आहे, पण दुसरं कुणी वाचेल त्याला नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. आमचं गाव पाथर्डीच्या पुढं, कोरडवाहू. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला कोपरगाव, बेलापूरकडे जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. अशा गावातल्या गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी का असतं, आणि गावातलीच एखादी बाई घरोघर जाऊन गोळ्या द्यायला लागली तर ते वाढतं का, हे बघायला पुण्याहून डॉक्टरबाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर वही घेऊन तू.

गावातली बाई म्हणून तुम्ही मला धरलं, कारण माझं सगळ्यांच्या चुलीपर्यंत जाणं. काम सोपं होतं. आधी कागद वाचून दाखवायचा, मनात नसेल तर नाही म्हण, कोणी रागावणार नाही, असं सांगायचं. मग दर दहा दिवसांनी लाल गोळ्यांचं एक पाकीट द्यायचं, मागचं रिकामं पाकीट परत घ्यायचं, पिशवीत टाकायचं आणि वहीत खूण करायची.

दुसऱ्या गावांतून अर्धी भरलेली पाकिटं परत यायची. कुणाला मळमळायचं, कुणाला शौचाला काळं होतं म्हणून भीती. माझ्या पिशवीत एक गोळी उरलेली नसायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, तुमचं गाव पहिलं." मी आठ दिवस मान ताठ करून हिंडले.

माझ्या शेजारच्या घरातली सून तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. पहिल्यांदा बोटाला सुई टोचली तेव्हा रक्त भरलं साडेसात. डॉक्टरबाईंनी तिला आणि तिच्या सासूला समोर बसवून सांगितलं, एवढ्या रक्तावर बाळंतपण झालं आणि अंगावरून जास्त गेलं, तर बाई हाती लागायची नाही. दसऱ्याला तीन महिने होते. टोळीबरोबर गेली तर तिचे दिवस भरणार ते उसाच्या फडाकडेच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाचटावर. तेव्हा दसऱ्याच्या आत तिचं रक्त वाढवायचं, एवढीच गोष्ट होती. सहा आठवड्यांनी परत टोचलं. साडेसातच.

बाकीच्या बायांचंही तेच. डॉक्टरबाई कागद बघत बसल्या. "गोळ्या तर सगळ्या पोटात गेल्यात, मावशी. मग इथं या गोळ्यांचा उपयोग होत नाही, असंच लिहावं लागेल."

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारी गेले. सासू, तिला मी आक्का म्हणते, न्याहारी वाढत होती. भाकरी, ठेचा, आणि आपल्या ताटात, लेकीच्या ताटात, सुनेच्या ताटात एकेक लाल गोळी.

"आक्का, ह्या कुणाच्या गं?"

"सुनंच्याच की. आनखी कुनाच्या?"

"मग तुझ्या ताटात कशाला?"

"माजं डोकं न्हाई व्हय गरगरत? आन् ह्या लेकीकडं बगा, कशी पांढरीफटक पडलीय. ताकदीची वस्तू घरात आली आन् एकटीनंच गिळायची? अशी न्हाई आमची सून."

सून चुलीपुढून माझ्याकडं बघून हसली. "नानी, तुमाला न्हाई का दिली मी? चांगल्या चार-पाच झाल्या तुमच्या."

तिनं दिलेला चहा मी खाली ठेवला. खरं होतं. 'एवढं उनाचं हिंडता, घ्या एक,' म्हणून ती चहाबरोबर द्यायची आणि मी घ्यायची. गोळ्या मोजणारी मी आणि खाणारीही मीच! त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नव्हतं. आमच्यात कढी केली तरी वाटीभर भिंतीवरून पलीकडे जाते. गोळी तेवढी एकटीची, हे कुणाच्या डोक्यात यावं?

त्या दिवशी सगळी घरं फिरले. सगळीकडे वाटणी. एका घरी सासरा खात होता. एका घरी तर नुकत्याच व्यालेल्या शेळीलाही एक गेली होती.

दोन दिवस मी गप्प राहिले. सांगितलं असतं तर पहिला नंबर जाणार होता, आणि मला त्याची गोडी लागली होती, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी सून हंडा घेऊन येताना मधेच भिंत धरून खाली बसली. ओठ पांढरे. हंडा उतरवला, तिला घरी पोचवलं आणि तुला फोन लावला, डॉक्टरबाईंना घेऊन ये.

शाळेत सगळ्या बाया जमल्या. डॉक्टरबाई आमच्यातच सतरंजीवर बसल्या. मी उभी राहून म्हणाले, "बाई, तुमच्या चार-पाच गोळ्या माझ्या पोटात आहेत." बाया हसल्या. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "आणखी कुणाच्या?" म्हणाल्या. मग आक्का म्हणाली, "आता नानीनं सांगितलंच हाय तर... माज्याबी." मग हात वर यायला लागले.

वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "आम्ही घरातल्या एकीलाच बघितलं. बाकीच्यांना विचारलंच नाही."

"तेच तर," आक्का म्हणाली. "सुनंला द्यायची आन् माज्या पोरीला न्हाई म्हनायचं, मग घरातली बोलनी कुनी खायची? समद्यांचं रगत बगा."

तसं ठरलं, पण लगेच झालं नाही. अभ्यासाचा नियम मनानं बदलता येत नाही, वरून परवानगी लागते, असं तूच समजावलंस. तीन आठवडे लागले. तोवर उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी बाकीच्यांची बोटं टोचली आणि ज्यांचं कमी भरलं त्यांना त्यांची वेगळी पाकिटं दिली. आक्काचं भरलं सात. सासू सुनेपेक्षा खाली! माझंही काम बदललं. पिशवी घरी ठेवली. रोज सकाळी सुनेपुढं बसायचं, तिनं माझ्यासमोर लिंबूपाण्याबरोबर गोळी घ्यायची. चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्या घरातला माझा सकाळचा चहा मात्र बुडाला.

दसऱ्याला सुनेचं रक्त नऊच्या थोडं वर गेलं. वाढलं, पण पाठवण्याइतकं नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मुकादम दारात आला तेव्हा आक्का म्हणाली, "सून न्हाई येनार. मी येते."

"आक्का, तुझं सात आहे," मी म्हटलं.

"मग काय करू? दोघी बसून गोळ्याच खाऊ?"

"खा."

शेवटी टोळीतल्या एका एकट्या गड्याबरोबर तिच्या मुलानं कोयता लावला आणि गेला. सासू-सुना मागं राहिल्या, आपापली पाकिटं घेऊन. लिंबू कुणी जास्त पिळलं यावर रोज भांडायच्या.

थंडीत सून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. तेव्हा रक्त साडेदहा होतं. अंगावरून बरंच गेलं, नर्सबाईंची धावपळ झाली, आक्का बाहेर बाकावर माझा हात आवळून बसली होती. पण बाई निभावली. मुलगी झाली.

आता पाण्याला गेलं की बाया मला विचारतात, "नानी, आमचं रगत नेलं, त्याचं काय निघालं?" मी सांगते, कागद लिहिणं चाललंय, पोरगी येऊन वाचून दाखवणार आहे. कबूल तूच केलं होतंस, शाळेत, सगळ्यांसमोर. माझ्या जिवावर त्यांनी बोटं पुढं केली होती गं.

तेव्हा कागद झाला असेल तर घेऊन ये, नसेल तर तशीच ये आणि झाला नाही म्हणून सांग. मुलगी आता बसायला लागली आहे, हाताला लागेल ते ओढते. ती रांगायला लागायच्या आत ये, नाहीतर तुझ्या वहीचं काही खरं नाही. चहा माझ्याकडेच घे, आणि भाकरीला नावं ठेवायची तर समोर बसून ठेव.