सुतकातली घंटा
ओल्या शेवाळाचा वास आला की मला चिंचवडच्या आमच्या घरातील रंगीत माशांची काचेची टाकी आठवते. स्वातंत्र्याला तेव्हा दहाएक वर्षे झाली असतील. पूजेची घंटा वाजवून झाली की वडील माशांना कणकेचे कण घालीत, आणि घंटा ऐकताच मासे वर येत. “बामणाघरी मासं, अन् खायाला न्हाईत!” म्हणून शेजारची पाटलीण हसे. वडील गेले, सुतक लागले, पूजा थांबली. मासे तळाशी निपचित राहू लागले; टाकलेले कण तसेच तरंगत. “वाजवा की वैनी, मुक्या जिवाला कसलं आलंय सुतक?” पाटलीण म्हणाली. “सुतकात घंटेला हात कसा लावू? पण ह्यांचे मासे डोळ्यांदेखत मरतील हो,” आई रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी, घंटा फडताळात फडक्यात गुंडाळलेली असताना, सारे मासे एकाएकी वर आले आणि देवघराकडे तोंडे करून स्थिर झाले. आईने कण टाकले. माशांनी ते खाल्ले. मग तिने डोक्यावरून पदर घेतला आणि वडिलांच्या रिकाम्या पाटाकडे पाहत हळूच म्हणाली, “खाल्लं हो माशांनी.” आता पूजा मी करतो, घंटा उचलण्यापूर्वी मात्र क्षणभर कान देऊन थांबतो.