भित्र्या वुकाशिनची बरोबरी

आमचा वुकाशिन पटावर वाघ, पण काळीज सशाचं. मी त्याची थोरली बहीण, मला बोलायचा हक्क आहे. शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टी लागली की बॅग उचलून बुद्धिबळाच्या स्पर्धेला पळतो. ह्यापायी बायको निघून गेली. ती भांडायला आली की हा म्हणायचा, "तुझंही बरोबर, माझंही बरोबर." कोण राहील हो अशा माणसाजवळ?

एकच ध्यास, ग्रँडमास्टर व्हायचं. यंदा सीमेजवळच्या सुबोतित्सा शहरातल्या स्पर्धेत शेवटचा डाव जिंकला की किताब पदरात पडणार होता. जिंकायलाच हवं, हरला काय नि बरोबरीत सुटला काय, किताब गेलाच. सकाळी मी चीजचं बुरेक भाजून त्याला पोटभर खायला घातलं आणि सोबत गेले.

समोर लोरांत, सीमेपलीकडचा हंगेरियन. तोही तगडा. दुपारी वुकाशिननं हत्ती थेट त्याच्या राजाजवळ घुसवला, आणि हात काढताच स्वतःच पांढराफटक पडला. काहीतरी पुटपुटला. माझ्या शेजारी बसलेल्या, त्याच्या क्लबातल्या रादिवोयेकाकांनी कपाळावर हात मारला आणि ते माझ्या कानात कुजबुजले.

"मेल्यानं बरोबरी मागितली! अगं, जिंकतोय तो!"

"मग सांगा ना त्याला!"

"वेडी का काय? डाव चालू असताना खेळणाऱ्याला सांगतात का? आणि मागितलेली बरोबरी परत घेता येत नाही. आता सगळं लोरांतच्या हातात."

लोरांत विचार करत बसला. तेवढ्या वेळात आमच्या शहाण्याला उमगलं की लोरांतच्या ज्या शहाला घाबरून त्यानं बरोबरी मागितली तो शह बसणारच नव्हता; मधे वुकाशिनचाच उंट उभा होता. कान लालबुंद झाले. पण करतो काय? लोरांतनं पट पुन्हा पाहिला, आपलं मरण पाहिलं आणि झटकन हात पुढे केला. डाव बरोबरीत.

बाहेर फुटपाथवर मी त्याला धरलंच. "हरला असतास तरी एवढंच गेलं असतं ना रे गाढवा? मग ती अर्ध्या गुणाची भीक कशाला मागितलीस?"

"ताई, त्या क्षणी हरायचं नाही एवढंच डोक्यात आलं," तो म्हणाला. "जिंकायचं होतं, हे आठवलंच नाही."

बावन्न वर्षांच्या भावाला थोबाडीत मारता येत नाही. भर रस्त्यात मीच रडायला लागले.