आडव्या अळ्या

“पानी घेनार नाय, आपा. नुसतं बघतो.”

कुठल्याही दारात उभं राहून चाचा आधी हे सांगायचे. मग ड्रमवर बोटाच्या पेरानं टकटक करून पाणी कुठवर आहे ते ऐकायचे. त्या दुष्काळी वर्षांत शहरात आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं, आणि पाण्याजवळ अनोळखी माणूस आलेला कोणालाच खपायचा नाही. तुम्ही तेव्हा इथं राहत असाल, तर बॅटरी घेऊन आलेला असा एखादा माणूस तुम्हीही दारातून परत पाठवला असेल.

चाचा आमच्या हिवताप कार्यालयात डास पकडायच्या आणि घरोघरी साठवलेल्या पाण्यात अळ्या शोधायच्या कामावर होते. मूळचे पिशोरचे. पहाटे गोठ्यांत, झोपड्यांत शिरायचे, भिंतीवर बसलेला डास नळीनं तोंडानं ओढून घ्यायचे आणि परीक्षानळीत सोडून कापसाचं बूच लावायचे. मी तिथंच प्रयोगशाळेत हिवतापासाठी रक्ताचे नमुने तपासायचे. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणायचे.

एकदा ते औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी चहाला आले. सासूबाईंना वाटलं नळवाला आला. त्यांनी गळका नळ दाखवला. चाचांनी तो दुरुस्त केला, कूलरमधलं पाणी काढून कुंड्यांना घातलं आणि मग चहाला बसले. सासूबाई शेवटपर्यंत त्यांना ‘आपला नळवाला’च म्हणत राहिल्या. चाचांनी ती चूक कधी सुधारली नाही.

पाऊस नाही म्हणजे डास नाहीत, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. चाचा मात्र दुष्काळातच जास्त अस्वस्थ असायचे. “पूर्वी हा हिवतापाचा डास विहिरीत सापडायचा,” ते म्हणाले. “विहिरी आटल्या. त्याला साफ, थांबलेलं पानी लागतं, ताई. ते आता मानसाच्या घरातच उरलंय.”

मग त्यांनी माझ्या टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत अळ्या पाण्याखाली तिरप्या लटकत होत्या; त्यांच्यापासून हिवताप नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसरीत त्या पाण्याच्या वरच्या थराला चिकटून आडव्या पसरल्या होत्या, झोपल्यासारख्या. त्यांच्याकडे चाचांनी बोटही केलं नाही.

शहराच्या कडेची शेतं तेव्हा भराभर प्लॉट होत होती. तिथं दहा मजल्यांची एक इमारत उठत होती. मजूर दूरदूरचे, काही जण ताप अंगात घेऊनच आलेले. तिथला सिमेंटचा हौद चाचांना आडव्या अळ्यांनी भरलेला दिसला. मुकादम म्हणाला, हौद ओतला तर काम बंद पडेल. चाचांनी जवळ होतं नव्हतं ते सगळं औषध हौदात टाकलं.

शेवटच्या झोपडीत एक बाई होती, सातवा महिना लागलेली. तिच्याही ड्रममध्ये त्याच अळ्या. जुन्या पाण्यावरच तिनं टँकरचं नवं पाणी भरलं होतं, सकाळभर रांगेत उभं राहून. ड्रम ओतावा लागेल म्हटल्यावर ती दोन्ही हातांनी ड्रमची कड धरून उभी राहिली.

चाचांना तो ओतवला नाही. वर फडकं बांध, उद्या औषध आणतो, असं सांगून ते आले.

औषधाचा नवा साठा यायला चार दिवस लागले. चाचा पोहोचले तेव्हा फडकं सैल झालं होतं आणि पाण्यावर नुसत्या रिकाम्या साली तरंगत होत्या. डास उडून गेले होते. त्या साली त्यांनी नळीत भरून आणल्या, माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, “आता वाट बघायची.”

डासानं आधी तापाच्या माणसाला चावायचं, मग जंतू त्याच्या अंगात दहा-बारा दिवस वाढायचे, आणि तो दुसऱ्याला चावला की त्यालाही ताप चढायला जवळपास तेवढेच दिवस. हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. चाचा रोज दुपारी प्रयोगशाळेच्या दारात यायचे. अजून काही नाही, अशी मी मान हलवायचे. ते निघून जायचे.

महिन्याभरानं त्या बांधकामावरचे नमुने यायला लागले. एका काचेवर तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या दिसल्या, हिवतापाच्या घातक प्रकाराच्या. कागदावर लिहिलं होतं: स्त्री, आठवा महिना. मी उठून दवाखान्यात फोन केला.

बाई वाचली. बाळ पोटातच गेलं.

डास हौदातले होते की ड्रममधले, कोण सांगणार, असं मी चाचांना म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी पानी वाचवलं, ताई.”

त्यानंतर त्यांच्या पिशवीत एक पांढरं कापड असायचं. ड्रममधलं पाणी कापडातून बादल्यांत गाळायचं, ड्रम आतून घासायचा, पाणी परत भरायचं. थेंबही वाया जायचा नाही, पण एकेका घराला अर्धा तास लागायचा. दिवसाची ठरलेली घरं तपासून होत नाहीत म्हणून आमचे साहेब चिडायचे. पहिला ड्रम त्यांनी त्या बाईचाच घासला. कापडाचं दुसरं टोक तिनं धरलं होतं.

पुढं ते निवृत्त होऊन पिशोरला गेले, आणि गेल्या वर्षी तिथंच वारल्याचं कळलं. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. ती इमारत आता राहती आहे, तिच्या आजूबाजूला आणखी सहा उठल्या आहेत.

आमच्या मासिक अहवालात किती डास सापडले, याचा एक रकाना असतो. पकडणारा कोणी नाही, म्हणून तिथं शून्य लिहितात. परवाच्या बैठकीत साहेबांनी ते शून्य दाखवून सगळ्यांचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.