जानकीच्या घरची चौकशी

जानकीच्या ओटीवर पाय ठेवला आणि मी खुर्ची ओळखली. आमच्या हायस्कुलातली होती. पाठीवर पांढऱ्या रंगात सात नंबर. ती रोज सकाळी मीच पुसायचे. आदल्या दिवशी आमच्या क्लार्कने घरी सत्यनारायण आहे म्हणून मागून नेली होती. क्लार्क याच वाडीतला.

त्या खुर्चीवर मुंबईहून आलेले वर्तक साहेब बसले. मांडीवर फाईल, हातात पेन.

मी हायस्कुलात शिपाई होते. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, टपाल न्यायचं-आणायचं आणि कोणी साहेब आले की त्यांना वाट दाखवायची. माझं शिक्षण चौथी. पण स्कॉलरशिपचा फॉर्म मला पाठ होता, कारण तो मुलांच्या घरी मीच पोचवायचे.

ही साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. पुढे कॉलेज म्हणजे रत्नागिरी, कोल्हापूर, नाहीतर मुंबई. मुंबईच्या एका ट्रस्टची स्कॉलरशिप होती. फी, हॉस्टेल, पुस्तकं, सगळं त्यात. आमच्या शाळेला वर्षाला एकच मिळायची. मार्क आणि गरज, दोन्ही बघत. मार्क हेडमास्तर कळवायचे. गरज बघायला ट्रस्टचा माणूस घरी यायचा. त्याला चौकशी म्हणत. चौकशीचा रिपोर्ट उलटा गेला की विषय संपला.

त्या वर्षी शालूचं नाव गेलं होतं. गणितात ती मास्तरांच्या चुका काढायची. बाप होडी उलटून गेलेला. आई जानकी डोक्यावर पाटी घेऊन पार आचरा गावापर्यंत मासे विकत फिरायची. स्कॉलरशिप नाही मिळाली तर दुसरी पाटी शालूच्या डोक्यावर, हे जानकीनेच मला सांगितलं होतं. त्यात रडगाणं काही नव्हतं. तसंच होणार होतं.

साहेब येणार हा निरोप चार दिवस आधी मीच दिला. चूक तिथे झाली. मुंबईचे साहेब घर बघायला येतायत, एवढंच मी म्हटलं. कशासाठी बघणार ते सांगितलं नाही. मला वाटलं, कळेल. जानकीला एवढंच कळलं की मुंबईचा पाहुणा येतोय.

मग काय, सगळी वाडी कामाला लागली. चार खुर्च्या आल्या. भिंतीवर घड्याळ आलं. काचेच्या कपबशा आल्या, पितळेची समई आली. शेजारच्या म्हाताऱ्या खलाशाने आपला रेडिओ आणून ठेवला. शालूच्या हातात सोन्याच्या बांगड्या. आत वडे तळायचा वास, चुलीवर कोंबडी.

साहेब बघत होते आणि लिहीत होते. खुर्च्या चार. घड्याळ एक. त्यांनी विचारलं, रेडिओ तुमचाच का? जानकी तोऱ्यात म्हणाली, "होय तर. आमचोच." आणि वडे करपतील म्हणून आत गेली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. शालूला म्हणाले, "मुली, तू हुशार आहेस. पण ही स्कॉलरशिप ज्यांच्या घरात काही नाही त्यांच्यासाठी आहे. तुझं त्यावाचून अडणार नाही."

शालू बांगड्यांकडे बघत राहिली. ती बोलेल म्हणून मी वाट बघितली. आईला खोटं पाडायला तिची जीभ रेटेना. मग मीच बोलले.

"साहेब, तुम्ही बसलाय ती खुर्ची शाळेची."

"असेल एखादी."

"बाकीच्याही मागून आणल्यात. भिंतीवरचं घड्याळ, रेडिओ, पोरीच्या हातातल्या बांगड्या, सगळं."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण नियमाचे पक्के. म्हणाले, "बाई, तुम्ही यांच्या ओळखीच्या. मी ऐकीव लिहीत नाही. डोळ्यांनी बघतो ते लिहितो."

"मग फाईल मिटू नका. जरा बघत बसा."

मी अंगणात गेले. वाडी कुंपणापलीकडे उभीच होती, पाहुणा बघायला. मी वर्गावर ओरडावं तशी ओरडले, "जेंचा जेंचा सामान आसा, तेणी आताच घेवन जावा."

शेजारीण गंगा म्हणाली, "आताच? पावण्याचा जेवाण तरी होवंदे."

"जेवणानंतर न्हेलास तर पोरगी घराकच रवतली गो."

गंगाला लगेच कळलं. तिने सरळ आत येऊन घड्याळ उतरवलं. मग एकेक जण आला. कपबशा मोजून नेल्या. बांगड्यांची मालकीण शालूच्या हाताला तेल लावून बांगड्या काढत बसली, कारण एक अडकली होती. म्हाताऱ्या खलाशाने रेडिओ बगलेत मारला आणि साहेबांना सांगितलं की हा दोन वर्षं बंदच आहे, मुंबईत कोणी दुरुस्त करणारा ठाऊक असेल तर कळवा. साहेबांनी खरंच त्याला एक पत्ता लिहून दिला.

जानकी झारा घेऊन बाहेर आली. घर रिकामं होत होतं. ती माझ्याकडे वळली.

"सरू, माझी अब्रू चवाट्यार मांडलंस गो." आणि मग साहेबांना, "सायबानु, घराक इलेल्या माणसाक जमनीर बसवूचा काय?"

मी म्हटलं, "साहेब, उठा. ती खुर्ची मला शाळेत जमा करायची आहे."

ते उठले. उठता उठता हसू फुटलं. आधी त्यांना, मग शालूला, मग कुंपणाला. जानकी तेवढी हसली नाही.

खाली राहिलं काय, तर एक चटई, दोन पाट, एक काजळी धरलेला दिवा आणि शालूच्या पुस्तकांची पत्र्याची पेटी. साहेब चटईवर मांडी घालून बसले. आधीचं सगळं खोडलं आणि नव्याने लिहिलं. मग आत बघून विचारलं, "कोंबडी कुणाची?"

"गंगाची," मी म्हटलं. "पण ती आता परत नेता येत नाही. जेवा."

सात वडे खाल्ले त्यांनी. सोलकढी दोनदा मागून घेतली.

जूनमध्ये ट्रस्टचं पत्र आलं. टपाल माझ्याकडेच, म्हणून मीच घेऊन गेले. तोवर जानकी माझ्याशी बोलत नव्हती, बाजारात दिसले तर तोंड फिरवायची. तिने पत्र शालूकडून दोनदा वाचून घेतलं. वाडीभर ओरडून सगळ्यांना बोलावलं. मला दोन पापलेटं दिली आणि म्हणाली, "तरी तू चुकलंसच." मी म्हटलं, चुकले. शालू कोल्हापूरला गेली. पुढे कॉलेजात गणित शिकवायला लागली आणि आईची पाटी तिनेच बंद केली.

ही गोष्ट गावभर झाली. पुढच्या वर्षी एका चांगल्या खात्यापित्या घराने चौकशीच्या दिवशी सगळं सामान शेजारी नेऊन ठेवलं, पलंगसुद्धा. भिंतीवर जिथे आरसा होता तिथे पांढरा चौकोन उरला होता. मी साहेबांना तोही दाखवला.

त्यानंतर दर वर्षी, ज्या घरी चौकशी असेल तिथे मी आदल्या दिवशी जायला लागले. ओटीवरूनच सांगायचे, उद्या साहेब गरज बघायला येणार आहेत, आज घर आहे तसंच राहू द्या. काही आणू नका, काही हलवू नका. दहा वर्षं मी हे सांगत होते. ऐकलं निम्म्यांनी.