पलंगाखालच्या सहा विटा

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते. चौसष्टाव्या वर्षी, आयर्लंडमध्ये, मी माझ्या लेकीच्या पलंगाच्या पायथ्याखाली जळणाच्या विटा घातल्या. त्याही चोरून.

दोन हजार वीसची गोष्ट. दोन महिन्यांसाठी म्हणून स्वोर्ड्सला लेकीकडे आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकून पडले. तिला दिवस गेले होते, सातवा आठवडा होता. एका सकाळी ती बाथरूममधून भिंत धरत बाहेर आली. "आई, रक्त जातंय."

जावई तिला हॉस्पिटलात घेऊन गेले. त्या दिवसांत आत फक्त तिलाच सोडलं. ते पार्किंगमध्ये गाडीत बसून आणि मी घरी. करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं, आणि रिकामे हात मला कधीच झेपले नाहीत.

ही लेक पोटात असताना मलाही असंच अंगावरून जायला लागलं होतं. सासूबाईंनी पलंगाच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या आणि मला तीन आठवडे आडवं केलं, डोकं खाली, पाय वर. तेवीस वर्षांची ती बावळट मुलगी शिंकसुद्धा गिळायची, शिंकेबरोबर बाळ निसटेल म्हणून! लेक सुखरूप झाली, श्रेय विटांना मिळालं. पुढे प्रत्येक डोहाळजेवणात मी ती हकिगत ऐकवली, कुणी विचारो न विचारो.

पण स्वोर्ड्समध्ये विटा कुठल्या? मागच्या शेडमध्ये घरमालकाचा पीटच्या विटांचा गठ्ठा होता. पीट म्हणजे दलदलीतली माती; इथे ती वाळवून, दाबून, विटा करून शेगडीत जाळतात. सहा विटा ओढणीत बांधून वर आणल्या, खांदा लावून पलंग उचलला आणि दोन पायांखाली तीन-तीन घातल्या. मग कंबर धरून बसले, मोठं काम केल्यासारखी.

दुपारी दोघं परतली. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले होते, पण मंद. आठवड्याने पुन्हा बोलावलं होतं.

"नर्स काय म्हणाली?"

"म्हणाली, पुष्कळजणींना सुरुवातीला रक्त जातं आणि पुढे सगळं नीट होतं. काहींचं होत नाही. आत्ताच सांगता येत नाही." मग हळूच म्हणाली, "ती 'ग्रँड' म्हणाली नाही गं आई."

ग्रँड म्हणजे इथलं 'सगळं ठीक'; बस चुकली तरी ग्रँड, चहा गार झाला तरी ग्रँड.

खोलीच्या दारात ती थबकली. "हा पलंग तिरका का झालाय?"

"तुझे पाय वर हवेत."

"झोपून राहून काही फरक पडत नाही, आई. मी विचारलं तिला."

"तिला काय कळतंय? तू कशी राहिलीस मग, सांग बरं!"

वाटलं, आता भांडेल. पण ती निमूट आडवी झाली. दिवसभर कॉम्प्युटरशी हुज्जत घालणारी माझी पोर मातीच्या विटांच्या भरवशावर पाय वर करून पडली, तेव्हा ती किती घाबरलीय ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी जावई म्हणाले, "आई, माझं सगळं रक्त डोक्यात साचलंय. पण असू दे, काढू नका."

चौथ्या दिवशी दुपारी एका पायाखालच्या विटांचा भुगा झाला. धाडकन आवाज आला. ती पलंगावरच होती. "काही नाही झालं," म्हणत हसलीसुद्धा. संध्याकाळी रक्त वाढलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ती आत एकटी, जावई गाडीत, मी पलंगाशी वाकून तपकिरी भुगा सुपलीत भरतेय. दुसऱ्या पायाखालच्या तीन विटा शाबूत होत्या. त्यांना हात लावायचा धीर झाला नाही. काढल्या तर काय होईल, असं वाटत होतं. तेवढ्यात जावयांचा फोन आला. ठोके नव्हते.

ती घरी आली, तेव्हा पलंग एका बाजूला कलंडलेलाच होता. मी तिची नजर चुकवत म्हटलं, "माझ्यामुळे झालं गं. तो दणका बसला नसता, तर..."

तिने माझ्या हातातली सुपली काढून खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, सोनोग्राफीत दिसलं, वाढ आधीच थांबली होती, पलंग पडायच्याही आधी. विटांमुळे मी राहिले नव्हते आणि विटांमुळे हे गेलं नाही. आता त्या उरलेल्या तीन काढ, मला सरळ झोपायचंय."